यंत्रातले तीन कावळे

"आजी, माडावर कावळे किती?"

चिमाआजीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांवर एक काळं खोकं पट्ट्यानं बांधलं होतं. पाण्यात सूर मारणारे लोक लावतात त्या चष्म्यासारखं, पण पुढून पूर्ण बंद. तिच्या समोर भिंत होती, भिंतीवर कॅरम स्पर्धेची जुनी ढाल होती. माड खोक्याच्या आत होता.

"तीन हायत," आजी म्हणाली. मग जरा थांबून, "यक उडाला. आता दोन."

शेजारच्या मोठ्या टीव्हीवर आम्हालाही तेच चित्र दिसत होतं. कावळा खरंच उडाला होता. अलोऱ्याच्या कॉलनीतला करमणूक हॉल गच्च भरलेला, तरी कुणाला टाळी वाजवायचं भान नव्हतं. चिमाआजीला अंगणातून रस्त्यावरची एसटी दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत. सुई ती अजून स्वतः ओवते, पण पाच हातांपलीकडचा माणूस तिला आवाजावरून ओळखावा लागतो. आणि आता ती लांबच्या माडावरचे कावळे मोजत होती, डोळ्यांना चष्मा नसताना.

"एकवीस बैठका," हर्षद सर म्हणाले. "एकवीस बैठकांपूर्वी याच खुर्चीत बसून आजी काय म्हणाल्या होत्या?"

"धुकं हाय म्हटलं होतं," आजी म्हणाली.

"धुकं. आणि आज कावळे. मी काय केलं? काही नाही. डोळ्यात तेज असतंच. आपण त्याला चष्म्याची कुबडी देतो आणि ते आळशी होतं. नेत्रतेज यंत्र ती कुबडी काढून घेतं. सौर लहरी, त्राटक आणि अमेरिकेतल्या वैमानिकांचं तंत्र, असा हा संगम आहे. साइड इफेक्ट विचाराल तर एकही नाही. याचे सगळे इफेक्ट समोरूनच."

लोक हसले. मीही हसले. चष्मा सोडवण्यासाठी हा माणूस अर्ध्या किलोचा चष्मा डोक्याला बांधतोय, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या मांडीवर शमिका होती आणि तिचा नंबर आजीनंतर होता.

आमच्याकडचे लोक भोळे आहेत असं कुणी समजू नये. ही कॉलनी वीज प्रकल्पाची. इथल्या अर्ध्या घरांतल्या पुरुषांनी पोफळीच्या जमिनीखालच्या वीजगृहात जन्म काढलाय. माझे सासरे, आप्पा, तिथे कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं होते. दर तासाला काट्यांपुढे उभं राहायचं, आकडा वाचायचा, लॉगशीटवर लिहायचा आणि सही करायची. काही वर्षांपूर्वी अंगारा देऊन सांधे बरे करणारा एक बाबा कॉलनीत आला होता. आप्पांनी आणि त्यांचे मित्र महिपतकाकांनी त्याला त्याच दुपारच्या एसटीत बसवून दिलं होतं. आप्पा म्हणायचे, "मी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. रीडिंग दाखवा."

हर्षद सरांनी रीडिंग दाखवलं. आमची चूक तिथे झाली.

शमिका साडेसहा वर्षांची आहे. तिचा उजवा डोळा आळशी आहे, हे आम्हाला पहिलीच्या सुरुवातीला शाळेतल्या तपासणीत कळलं. दिसायला दोन्ही डोळे सारखे, टपोरे. चिपळूणच्या डॉक्टरबाईंनी मला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. या डोळ्याचा नंबर खूप जास्त, त्यामुळे त्याच्याकडून मेंदूला कायम अंधूक चित्र गेलं. मेंदूनं कंटाळून त्याचं ऐकणंच सोडून दिलं. आता चष्मा लावून उजव्याला स्वच्छ चित्र द्यायचं आणि रोज चार तास चांगल्या, डाव्या डोळ्यावर पट्टी लावायची. म्हणजे मेंदूला उजव्याचं ऐकावंच लागतं.

"किती दिवस?" मी विचारलं होतं.

"महिने म्हणा. आणि लवकर. मूल जितकं लहान तितका मेंदू ऐकतो. सात-आठ वर्षांनंतर अवघड होत जातं. वाया घालवायला वेळ नाही आपल्याकडे."

ते शेवटचं वाक्य घेऊन मी एसटीत बसले आणि तेव्हापासून ते माझ्या मागे आहे. शमिकाचा वाढदिवस जवळ आला की इतर आया केक ठरवतात, मी महिने मोजते.

पट्टीचे चार तास म्हणजे आमच्या घरातली रोजची लढाई. ती पट्टी ओढायची, रडायची, भिंतीला धडकायची. वर्गात तिला "एक बल्ब गेलेली" म्हणायला लागले. एकदा तिनं मला विचारलं, "आई, चांगला डोळा झाकून वाईट डोळ्यानं का बघायचं? मी काय केलंय?" संदेश, माझा नवरा, वीजगृहात शिफ्टला असतो. पट्टी लावणारी मीच आणि शिव्या खाणारीही मीच.

अशा वेळी हर्षद सर आले. शमिकाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "ताई, डोळा झाकून डोळा उघडतो का कधी? पट्टीनं नाडी कोंडते. बैठका चालू असेपर्यंत पट्टी आणि चष्मा दोन्ही बंद. एक्केचाळीस दिवस द्या मला."

आप्पा शेजारीच होते. त्यांनी विचारलं, "फरक पडतोय हे कळणार कसं?"

"रीडिंगनं, काका. प्रत्येक बैठकीला यंत्रात अक्षरांचा तक्ता येतो. किती ओळी वाचल्या, तुम्ही स्वतः लिहा. माझ्यावर विश्वास ठेवूच नका."

आप्पा बाजारातून दोनशे पानी वही घेऊन आले. पट्टी मी कपाटात ठेवली. पाच आठवडे ती तिथेच होती. यंत्र शमिकाच्या डोळ्यांवर ज्यानं बांधलं तो दुसरा, पण पट्टी काढणारे हात माझे होते.

पहिल्या दिवशी शमिकानं दोन ओळी वाचल्या. चौथ्या दिवशी तीन. दहाव्या दिवशी चार. आप्पा रोज संध्याकाळी पाच वाजता तिला हॉलमध्ये घेऊन जायचे, परत आले की दारातूनच आकडा सांगायचे आणि चपला काढायच्या आधी वहीत लिहायचे. वहीच्या डोक्यावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शमिका. उजवा डोळा.' पुढे तारीख, वेळ, ओळी, सही.

"बघ मनस्विनी," ते मला म्हणायचे, "चढता ग्राफ आहे. एक दिवस मागे नाही."

घरात रडणं थांबलं होतं. शमिका शाळेत हसत जायची. मला बरं वाटत होतं, आणि ते इतकं बरं वाटत होतं की मी दुसरीकडे बघायचंच टाळलं. ती पाणी ओतताना पेल्याच्या कडेवर ओतायची. जिना उतरताना शेवटची पायरी पायानं चाचपायची. पुस्तक वाचताना मान उजवीकडे वळवून डावा डोळा पुढे आणायची. हे सगळं मला दिसत होतं. मी स्वतःला सांगायचे, एक्केचाळीस दिवस होऊ देत.

छत्तिसाव्या दिवशी सकाळी मी तिला न्हाऊ घालत होते. साबण डाव्या डोळ्यात गेला. तिनं तो डोळा घट्ट मिटून घेतला आणि हात पुढे केला, "टॉवेल." टॉवेल मी तिच्या समोरच धरला होता. तिचा हात त्याच्या वीतभर बाजूनं गेला.

मोरीच्या दाराबाहेर, अंगणाच्या पायरीवर, कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"आई, कोण आलंय?"

आप्पा होते. पांढरी बंडी, पांढऱ्या मिशा, हातात दुधाची पिशवी. तिनं जन्मापासून रोज पाहिलेला माणूस.

मी तिचा डोळा धुतला, डोकं पुसलं, वेणी घातली. आदल्याच संध्याकाळी वहीत नोंद होती, सात ओळी. सातवी ओळ म्हणजे मुंगीएवढी अक्षरं. मुंगी वाचणाऱ्या डोळ्याला दारातला आजोबा दिसत नाही?

एक्केचाळिसाव्या दिवसानंतर यंत्र ज्यानं त्यानं घरी विकत घ्यावं, असं हर्षद सरांचं म्हणणं होतं. साधना सुटली तर तेज उतरतं. किंमत चांगल्या फ्रिजएवढी. रविवारी बुकिंग होतं. घेण्याआधी घरी वापरून बघा म्हणून त्यांनी आप्पांना एक यंत्र दोन दिवसांसाठी दिलं होतं. आमच्याकडे ते टीव्हीशेजारी रुमालावर ठेवलेलं होतं आणि आप्पांनी त्याला कुणी हात लावू नये म्हणून सांगितलं होतं.

शमिका शाळेत गेली, आप्पा बाजारात गेले. मी दार लोटलं आणि खुर्चीत बसले.

मला स्वतःला चष्मा आहे, दोन्ही डोळ्यांना उणे तीन. तो काढून मी यंत्र डोक्याला लावलं. तक्ता आला. वरचं मोठं अक्षर तेवढं कळत होतं, बाकी सगळं शेवाळ. म्हणजे चष्म्याशिवाय लांबचं मला जसं दिसतं तसंच यंत्रातही दिसलं. मी ते काढून उलटं केलं. खालच्या बाजूला काळी चिकटपट्टी लावलेली होती, व्यवस्थित कापून, मूळचीच वाटावी अशी. नखानं कोपरा उचलला. पट्टीखाली दोन छोटी चाकं होती, एकेका डोळ्यासाठी. चाकांवर बारीक खुणा, आणि त्यांच्या कडेला बनवणाऱ्याचं नाव, मॉडेलचा नंबर.

मी यंत्र पुन्हा लावलं आणि चाक फिरवलं. शेवाळ हललं. अजून फिरवलं. अक्षरांना कडा आल्या. दुसरं चाक फिरवलं आणि सातवी ओळ माझ्यासमोर लख्ख उभी राहिली. मी ती वाचली. आठवीही वाचली. माझी एकही बैठक झालेली नव्हती.

मॉडेलचा नंबर फोनवर टाकला तर माहितीपत्रक निघालं. हे सिनेमा बघायचं यंत्र होतं. आडवं पडून, मोठ्या पडद्यावर बघतोय असं वाटावं म्हणून डोक्याला लावायचं. चष्मा असलेल्या माणसाला आत चष्मा घालून बसता येत नाही, म्हणून चाकं दिलेली, आपापल्या नंबराप्रमाणे फिरवून घ्यायला. आणि खाली वेगळ्या चौकटीत लिहिलं होतं, तेरा वर्षांखालच्या मुलांनी वापरू नये.

ती चौकट मी तीनदा वाचली.

आप्पा आले तेव्हा मी यंत्र पट्टी काढलेलंच ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"कुणी उघडलं?"

"मी."

"परत द्यायचंय ते. वस्तू दुसऱ्याची आहे, मनस्विनी."

मी त्यांना चाकं दाखवली. बैठकीआधी सर यंत्र स्वतःच्या हातात घेऊन 'तुमचं तेज जुळवतो' म्हणतात, तेव्हा त्यांचा अंगठा कुठे असतो, ते विचारलं.

आप्पा चिडले. "तुझा नंबर जुळला म्हणून शमिकाचं रीडिंग खोटं होतं का? पस्तीस दिवसांच्या नोंदी आहेत माझ्याकडे. मी समोर बसून घेतल्यात. आकडा काय खोटं बोलतो?"

"आकडा कुठल्या डोळ्याचा आहे, आप्पा?"

"उजव्याचा. लिहिलंय वर."

"वर तुम्ही लिहिलंय. यंत्र तर दोन्ही डोळ्यांना लावतात."

त्यांची नजर वहीकडे गेली. मी घाबरत घाबरत पुढे बोलले, कारण त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. "वीजगृहात नवा मीटर बसवला की पहिलं काय करायचात?"

त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटं केलं. मग म्हणाले, "झीरो बघायचो."

"म्हणजे?"

"सप्लाय काढून टाकायचा. काटा शून्यावर आला पाहिजे. सप्लाय नसताना पण काटा काही दाखवत असेल, तर तो भलतंच काहीतरी मोजतोय." त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून बंडीला पुसला. "पट्टी कुठे आहे?"

शमिका शाळेतून आली, तिला पोहे दिले. मग आप्पांनी तिला समोर बसवलं. कपाटातली पट्टी मीच तिच्या डाव्या डोळ्यावर लावली, वर यंत्र बांधलं. तक्ता तोच. चाकं मी आधी पट्टीशिवाय ती सातवी ओळ वाचेपर्यंत फिरवून घेतली होती. आप्पा वही आणि पेन घेऊन बसले, रोजच्यासारखे.

"वाच बाळा. पहिली ओळ."

"कुठे आहे ओळ?"

"समोर. मोठं अक्षर आहे बघ."

"ढग आहेत नुसते." तिनं यंत्र हातानं चाचपलं. "बिघडलं का आजोबा?"

"नाही ग. उजव्या डोळ्यानं बघ."

"त्याला वाचताच येत नाही," शमिका म्हणाली, अगदी सहज, शेजारच्या मुलीबद्दल सांगावं तसं. "हॉलमध्ये मी याच डोळ्यानं वाचते, झाकलाय त्यानं. त्या डोळ्याला तुम्ही कुणी कधी विचारलंच नाही."

मी यंत्र काढलं, पट्टी काढली. तिला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, म्हणून ती आमच्या दोघांच्या तोंडांकडे बघत होती. मी तिला बाहेर खेळायला पाठवलं.

आप्पांनी वही उघडली. कंट्रोल रूममध्ये चुकलेला आकडा खोडायचा नसतो. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची, म्हणजे चूक कुणाची ते कळतं. त्यांनी पहिल्या दिवसापासून रेघा मारायला घेतल्या. दोन ओळी, रेघ, सही. तीन ओळी, रेघ, सही. अशा पस्तीस सह्या झाल्या.

शेवटी म्हणाले, "रविवारी शमिकाला नेऊ नकोस."

"नाहीच नेणार. खुर्चीत मी बसते."

संदेशला मी शिफ्टवरून आल्यावर सगळं सांगितलं. तो नुसता पट्टीचा डबा हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "मला एकदा तरी बघायला यायला हवं होतं ग हॉलवर."

रविवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर बुकिंगचे फॉर्म, त्यावर पेपरवेट म्हणून नारळ. पहिल्या रांगेत चिमाआजी नव्या लुगड्यात. हर्षद सर बोलत होते. "आज कुणी म्हणेल, सर, हे महाग आहे. मी विचारतो, डोळे स्वस्त आहेत का?"

आप्पा उठले. "सर, आधी एक रीडिंग घ्या. माझ्या सुनेचं."

"ताईंच्या बैठका झाल्यात?"

"एक पण नाही."

"मग यंत्र त्यांना काही देणार नाही, काका. बी पेरल्याशिवाय भात कसा यायचा?"

"नाही आला तर तुमचंच खरं होईल. बघू की."

मागून कुणीतरी म्हणालं, "होऊन जाऊ दे." मी खुर्चीत जाऊन बसले. गर्दीपुढे बोलायची मला सवय नाही. कॉलेजात साधी प्रश्नमंजूषा असली तरी मी मागे बसायचे. मी चष्मा काढून आप्पांच्या हातात दिला आणि यंत्र लावलं.

"काय दिसतंय, ताई?" सरांचा आवाज मायाळू होता.

"शेवाळ."

"पाहा," सर लोकांना म्हणाले.

मी हात वर केला, यंत्राखालची चिकटपट्टी चरकन ओढून काढली आणि चाक फिरवायला लागले. टीव्हीवर तक्ता होताच, लोक पडताळून बघत होते. मी पाचवी ओळ वाचली. चाक थोडं पुढे, सहावी. थोडं पुढे, सातवी, आठवी. मग सगळ्यात खाली कोपऱ्यात चित्रफीत बनवणाऱ्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"ही एक्केचाळीस दिवसांची साधना," मी यंत्र काढत म्हणाले. "पाव मिनिटाची आहे."

महिपतकाका पुढे आले. त्यांनी यंत्र उलटंपालटं केलं, डोळ्यांना लावलं, चाक फिरवलं. "अरे, ही तर दुर्बीण," ते म्हणाले. "धरणावर साहेबांच्या गळ्यात असायची. साहेब बदलला की चाक फिरवायचं."

मग ते हातोहात फिरलं. ज्याच्या हातात जाईल तो चाक फिरवायचा आणि म्हणायचा, "आलं, आलं." ज्यांच्या बैठका झाल्या होत्या त्यांनाही आलं, ज्यांच्या झाल्या नव्हत्या त्यांनाही आलं. मी चाकाचं काम सांगितलं. आपला नंबर आपल्या चष्म्याच्या काचेत असतो, तोच इथे चाकात असतो. पहिल्या दिवशी चाक चुकीच्या जागी ठेवायचं, म्हणजे धुकं. मग रोज केसभर बरोबर जागेकडे सरकवायचं, म्हणजे सुधारणा. डोळा पहिल्या दिवशी होता तसाच शेवटच्या दिवशी आहे. यंत्र काढून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा म्हणजे कळेल.

चार-पाच माणसं खरंच कॅलेंडरकडे वळली.

हर्षद सर घामाघूम झाले नाहीत की पळालेही नाहीत. तसं झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते शांतपणे फॉर्म गोळा करत म्हणाले, "साधना नसलेल्याला मिळतं ते क्षणिक तेज. उद्या उतरेल." मग माझ्याकडे वळून, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, तुमच्या संशयानं तुमच्या मुलीचं नुकसान केलंत तुम्ही."

मी घरून ठरवून आलेलं उत्तर विसरले.

"नुकसान केलं," मी म्हणाले. "संशयानं नाही. पाच आठवडे संशय घेतला नाही, त्यानं. तिची पट्टी तुमच्या सांगण्यावरून मी काढली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वेळ नाही, तरी काढली. तुम्ही तिच्या चांगल्या डोळ्याकडून वाचून घेत होतात आणि आम्ही वाईट डोळ्याच्या नावावर लिहीत होतो. हे पाच आठवडे तुमच्या कुठल्या चाकानं मागे फिरतात ते सांगा."

ते फॉर्म रचत राहिले. आप्पा पुढे आले आणि त्यांनी रेघा मारलेली वही टेबलावर नारळाशेजारी उघडून ठेवली. "मी तीस वर्षं मीटर वाचले," ते म्हणाले. "हा वाचताना झीरो बघायचा राहिला. ज्यांनी ज्यांनी माझं बघून नावं घातली त्यांनी घरी जाऊन एक डोळा झाकून बघा, मग दुसरा."

गर्दी पांगायला लागली तेव्हा चिमाआजी माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला. "मंग माजे कावले? ते पन खोटे?"

"कावळे तुला खरेच दिसले, आजी. योग्य काच मिळाली म्हणून दिसले. तीच काच साध्या चष्म्यात बसते. चिपळूणला तपासून घेऊ, परवा मी जातेच आहे. मग तुझ्याच अंगणातले मोज."

"यवढा मोटा डबा नको ना घालाय?"

"नको."

"मंग बरा हाय," आजी म्हणाली. "मान दुकली माजी."

सगळं गोड झालं असं नाही. नऊ जणांनी फॉर्म परत घेतले, तिघांनी नाही. त्यात माझी शेजारीण ज्ञानेश्वरी होती. तिच्या मुलीला जाड चष्मा आहे. "फायदा नाही तर नाही, तोटा तरी काय?" असं ती मला जिन्यात म्हणाली. मी तिला शमिकाचा तोटा सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि यंत्र घेतलं. आम्ही अजून बोलतो, पण पूर्वीसारखं नाही.

हर्षद सर आता दुसऱ्या कुठल्या तालुक्यात असतील. आम्ही पोलिसांत अर्ज दिलाय, पोचपावती घरात आहे.

चिपळूणच्या डॉक्टरबाईंनी शमिकाला तपासलं. उजव्या डोळ्यानं पट्टीच्या काळात जे थोडं कमावलं होतं, ते गेलं होतं. मी विचारलं, आता बरा होईल का? त्या म्हणाल्या, "होईल असं मी सांगू शकत नाही. प्रयत्न करण्यासारखा नक्की आहे. आता सहा तास पट्टी." खरं सांगणारा माणूस असाच बोलतो, हे मला तिथे त्या स्टुलावर बसल्यावर समजलं. खात्री हवी होती म्हणून मी हॉलमध्ये गेले होते. चिमाआजीला मात्र साधा चष्मा मिळाला. परत येताना तिनं अख्ख्या एसटीला बाहेरच्या पाट्यांवरची चित्रं सांगितली.

अजून लोक मला विचारतात, मग असलं यंत्र घ्यावं का? सिनेमाची हौस असेल, मोठ्या माणसाला वापरायचं असेल आणि परवडत असेल, तर घ्या. मान दुखते हे आजीनं सांगितलंच आहे. लहान मुलाच्या डोळ्यांवर ते बांधू नका, आणि डोळा बरा करायला तर मुळीच घेऊ नका. कारण सिनेमा दाखवणारं यंत्र सिनेमाच दाखवतं.

आणि एवढंच मागणं आहे. चमत्कार हल्ली राख फासून येत नाही. तो वायर लावून येतो, आकडे दाखवतो, तुम्हालाच लिहायला लावतो. तेव्हा आकडा बघून हुरळण्याआधी विचारा की हे नेमकं काय मोजतंय? ज्याचं बरं झालं म्हणतात, त्यालाच वेगळं काढून तपासलंय का? उपचार न घेतलेल्या माणसानं तेच केलं तर काय होतं? विचारायला पदवी लागत नाही. माझ्याकडे होती, ती कपाटात पट्टीशेजारीच पडून होती.

आता रोज संध्याकाळी पाच वाजता, हॉलमध्ये जायच्या वेळेला, शमिका डाव्या डोळ्यावर पट्टी आणि वर चष्मा लावून अंगणात बसते. आप्पांनी नवी वही केली आहे. समोर महिपतकाकांच्या वाडीतले माड आहेत.

"किती कावळे?" आप्पा विचारतात.

काल तिनं बराच वेळ मान वर करून बघितलं. मान वळवली नाही.

"एक," ती म्हणाली. "नक्की नाही. काळं काहीतरी आहे."

माडावर चार होते. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. वहीत तारीख घातली, 'एक' लिहिलं, पुढे 'नक्की नाही' लिहिलं आणि सही केली.